आप्पांचा लंगडा माग

यंत्रमाग बिघडला की जॉबर आधी पाना मागतो. माग जुळवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाला आम्ही वडगावकर जॉबर म्हणतो. आमचे आप्पा मात्र आधी मागावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "प्रभू, काय झालंय बघ की ह्येला." पाना त्यानंतर.

गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच, अगदी आमच्या समोर. माझ्या घरातले चारही माग त्यांच्याच हाताखालचे. त्यांचा नियम होता, "एका मागाला एकच जॉबर. दोघांचा हात लागला की वाया गेला म्हणून समज." खंडेनवमीला आमच्या आधी हजर राहून ते माग पुसायचे, तेल घालायचे आणि हळदकुंकवाचं ताट आलं की मागे सरकायचे. "आता तुमचं चालू द्या. मी माझं त्येला सांगितलंय." प्रसादाचे चुरमुरे मात्र कधी विसरले नाहीत.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. मी दवाखान्यात गेलो तो डोळे पुसतच.

"रडतूस कशाला रं? माझा जॉबर हाय की."

"आणि डॉक्टर?"

"त्यो पाना. पाना लई चांगला हाय. पण पाना आपला आपण फिरतूय व्हय?"

हे सगळं डॉक्टरांसमोर. डॉक्टर बिचारे हसले आणि कामाला लागले.

इकडे माझ्या बायकोनं गुपचूप देवीला नवस बोलला. ऑपरेशन होऊन आप्पा घरी आले, तशी ती ओटी भरून आली आणि नारळाचा तुकडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. आप्पांनी डोळे वटारले.

"दुसरा जॉबर घातलीस व्हय गं?"

"न्हाय आप्पा. देवीनं नुसतं तेल घातलंय."

आप्पांनी डोळे मिटले, वर विचारून घेतलं, आणि खोबरं तोंडात टाकलं. "तेलाला हरकत न्हाय म्हणतूय."

खरा दुसरा जॉबर घातला होता तो मी. आप्पा दवाखान्यात असताना तिसरा माग अडला आणि मी बाहेरचा माणूस बोलावला. माग चालू झाला, पण तेव्हापासून लंगडायलाच लागला. खट खट खटाक, खट खट खटाक. आप्पांनी घरी आल्या दिवशी अंथरुणातूनच ओळखलं. "कुणी हात लावला रं त्येला?" मी मान खाली घातली. "असू दे. उठलो की बघतो."

ते उठलेच नाहीत. दुखणं उलटलं आणि डॉक्टरांनीही हात टेकले. आप्पांना झोप मिळावी म्हणून गल्लीनं आपापले माग बंद ठेवले. असला शहाणपणा आम्हालाच सुचायचा. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं.

"माग का बंद केलासा?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"चालू कर आधी. मी येशूला पत्ता दिलाय. वडगावात शिर, लंगडा माग वाजतूय त्येच्या समोरचं घर. बंद केलासा तर त्यो चुकंल की."

"देवाला पत्ता लागतो व्हय आप्पा?"

"त्येला न्हाय लागत. मलाच भ्या वाटतंय रं. आवाज असला की बरं वाटतंय." मग आप्पा माझा हात धरून म्हणाले, "माझा माग त्येनंच बसवलाय. न्ह्यायचा असला तर उचलून नीटच न्हील."

मी घरी आलो आणि तिसरा माग चालू केला. पुढचे आठ दिवस कापड असलं खराब निघालं की विचारू नका, पण दिवसभर त्याला थांबवलं नाही.

एका सकाळी समोरून हाक आली. मी माग तसाच वाजत ठेवून धावलो. आप्पांचे डोळे मिटलेले होते. तळहात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता, माझ्या मागावर ठेवायचे तसाच. या खेपेला पाना तेवढा मागितला नव्हता.