पक्की खात्री

कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलआधी आम्हाला मोबाइलवर एक ऑनलाइन चाचणी सोडवावी लागे. तिचे गुण कुठेच धरले जात नसत. आपलं आपणच तपासायचं, एवढंच. तरी मला तिची धडकी भरायची. कारण प्रत्येक उत्तराखाली विचारलेलं असे: पक्की खात्री, थोडी खात्री की नुसता अंदाज? खात्रीने चुकलात की लाल अक्षरांत उणे गुण. अंदाज म्हटलं की चुकूनही काही जात नसे. मी सगळीकडे अंदाजच दाबायची.

हे भित्रेपण घरचंच. बाबा रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन इकडे तमिळ मुलुखात, एग्मोरच्या ऑफिसात आलेले. दूध संपलंय म्हटलं तरी विचारणार, "नक्की ना?" की मी परत फ्रीज उघडून बघणार.

माझी प्रॅक्टिकलची जोडीदारीण जॉर्ज टाउनमधल्या व्यापाऱ्याची लेक. ती प्रश्न धड न वाचता पक्की खात्री दाबायची आणि उणे गुण आले की खो खो हसायची. मला तिचा हेवा वाटे, रागही येई.

त्या दिवशी सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायचं होतं. आदल्या संध्याकाळी चाचणीत तोच प्रश्न होता. ॲसिड पाण्यात ओतायचं, तेही हळूहळू. उलट केलं तर उसळून अंगावर उडतं. मी बरोबर उत्तर दिलं आणि खाली अंदाज दाबला.

प्रॅक्टिकलला तिची बडबड चालूच होती. गॉगल कपाळावर सरकवलेला. समोरच्या बीकरमध्ये तीव्र ॲसिड, आणि तिने पाण्याचं भांडं उचललं. हे चूक आहे. आहे ना? मीच उलटं वाचलं असेल तर? सगळे हसले तर? भांडं कललं.

"थांब! ओतू नकोस!" मी मराठीत किंचाळले आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. "एन्नडी?" – काय गं? – म्हणत ती दचकली आणि पाणी टेबलावर सांडलं. मॅडम धावत आल्या. बीकर पाहून त्यांनी आधी तिचा गॉगल डोळ्यांवर ओढला, मग माझ्याकडे वळल्या. चाचणीतली सगळ्यांची उत्तरं त्यांना दिसत. "यू न्यू इट. देन व्हाय डिड यू से गेस?" मी स्टूलवर बसले.

पुढच्या चाचणीला ती माझ्या शेजारी बसली. हसत नव्हती. एकेक प्रश्न ओठ हलवत वाचत होती. पहिल्याच उत्तराशी तिचं बोट अडलं. माझं उत्तर बघून तिने हळूच विचारलं, "शुअर-आ?"

बाबांचाच प्रश्न. उत्तर परत वाचावंसं वाटलं, पण वाचलं नाही.

"शुअर," मी म्हटलं आणि पक्की खात्री दाबली.