भोरच्या शाळेतला फौजदार

आंबवड्याचे गेनबा भोरच्या शाळेत शिपाई होते. आमच्या तालुक्यात समुद्र नाही, तरी या माणसाने सव्वा वर्ष समुद्र वाहिला. खोटं वाटत असेल तर महाडच्या एस.टी.चे कंडक्टर चिमाजी यांना विचारा. गावभर बोभाटा त्यांनीच केला, मी, त्याच शाळेतला कारकून, फक्त तिखटमीठ लावलं.

एकाहत्तर साली शास्त्राच्या सावळाराम मास्तरांनी श्रीवर्धनच्या खडकातल्या डबक्यातून एक मासा आणला. बोटभर लांब, पिवळसर पाठ, अंगावर पाच काळे पट्टे. शाळेच्या काचपेटीतला एकुलता एक दगड त्याने ताब्यात घेतला. सोबतीला सोडलेल्या दोन माशांपैकी एकाची शेपटी कुरतडली. दुसऱ्याने जीव घेऊन पेटीबाहेर उडी मारली, ती शेवटची. काच पुसायला गेनबांनी हात घातला की बोटाला चावा. पोरांनी नाव ठेवलं, फौजदार.

रोज सकाळ-संध्याकाळ, रविवारसुद्धा, गेनबा तांब्याने पेटीतलं पाणी उंचावरून ओतायचे, हवा मिसळावी म्हणून. आणि महिन्याला पाणी बदलायचं, तेही समुद्राचं. दुधाच्या दोन किटल्या घेऊन वरंधा घाट उतरायचा, श्रीवर्धन गाठायचं, दुसऱ्या दिवशी भरून चढायचा. खांदे कायमचे उतरले. बाकड्यावर टेकले की बसल्या बसल्या डुलकी.

"गेनबा, फौजदारसाहेब बरे हायेत ना?" चिमाजी भर गाडीत विचारायचे.

"ते बरं हायेत. म्याच मेलोय."

मास्तर सांगायचे, या जातीत अंडी बाप राखतो. अंगाने निळसर होतो, पंखांनी अंड्यांवर पाणी हलवतो, जवळ येईल त्याला हाकलतो. गेनबांनी हे घरी सांगितलं, तर रतनबाई म्हणाल्या, "व्हय? मग मास्तरांस्नी म्हनावं, ह्योच धडा आमच्या घरी येऊन शिकवा. चार पोरं झाली, एकाला तरी राखलंत का?"

पुढे मास्तरांची बदली झाली. हेडमास्तर म्हणाले, "गेनबा, तो मासा द्या नीरेत सोडून."

मी म्हटलं, "चला, सुटलात एकदाचे!"

गेनबांनी तांब्याभर पाणी उंचावरून पेटीत ओतलं. मग म्हणाले, "गोड्या पान्यात त्यो जगायचा न्हाई, आबा."

त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. किटलीत मासा घेऊन त्याच खडकावर, त्याच डबक्यापाशी गेले. ओहोटी होती. मासा सोडला, तर कपारीतून तसलाच दुसरा पट्टेवाला बाणासारखा आला. सव्वा वर्षात तिथे नवा मालक बसला होता! त्याने आमच्या फौजदाराला डबकंभर पळवलं. गेनबांनी दुसरं डबकं पाहिलं, तिथेही एक. तिसरंही तसंच. परतायची गाडी निघून गेली.

शेवटी ते पहिल्याच डबक्यात पाय सोडून बसले. फौजदार टाचेमागे दडला, शेपटीने गुदगुल्या करत. नवा मालक येऊन अंगठ्याला चावे घ्यायचा.

"घे रं, घे चावून," गेनबा म्हणाले, "पन ह्याला हात लावू नगं."

पाय त्यांनी काढला नाही. दुपार कलली, भरती चढत आली, डबकं आणि समुद्र एक झाले. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा टाचेमागचं ते गुदगुल्या करणारं शेपूट थांबलं. गेनबांनी वाकून पाहिलं, टाचेमागे कुणी नव्हतं. मग खडकाला हात टेकून सावकाश उठले.