खालची चीप

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. तरी एका माणसाविषयी लिहायचं धाडस करतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कुठल्याही दगडावर बसण्याआधी ते खाली पंजा घालून चाचपायचे. पारावर, देवळाच्या पायरीवर, एकदा तर सोयरिकीला गेल्यावर पाहुण्यांच्या ओट्यावरसुद्धा. "चीप घातलीया का न्हाई, तेवडं बगतो," म्हणायचे. दगड हलू नये म्हणून खाली ठोकतात ती कपची म्हणजे चीप. जन्मभर विहिरी आणि शेताच्या बांधाच्या ताली बांधलेल्या या आमच्या शेजाऱ्यांना गाव मिस्त्री म्हणे.

आमच्या गावामागच्या माळावर पुरुषभर उंचीचे सात दगड उभे आहेत. कुणी म्हणतं जुन्या काळच्या माणसांनी रोवले, कुणी म्हणतं माती झिजून उघडे पडले. माळ खडी क्रशरला द्यायचा ठराव ग्रामसभेत येणार होता. दगड माणसांनी रोवल्याचा पुरावा मिळाला, तरच तो थांबणार होता.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी एका दगडाचा पाया उकरला आणि खाली चीप निघाली! ग्रामसभेत मी अहवाल वाचला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मिस्त्री उठले.

"त्यो दगुड म्या उभा केलाय. म्हशीनं अंग घासून पाडला हुता."

"मिस्त्री, तुमी कवाच्या काळातलं वो?" मागून कुणीतरी ओरडलं. सभा हसली. मिस्त्री हसले नाहीत. "बाकीचं सहा उकरूस्तवर ठराव थांबवा," म्हणाले. सरपंचांनी थांबवला आणि पुरातत्त्व खात्याला पाहणीसाठी पत्र धाडलं.

परतताना मला राहवलं नाही. "आवं, गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"आन पाहणीवाल्यांनी चिपंवर माजी छिन्नी वळखली असती तर? मग साती दगुड खोटं ठरलं असतं, लेका. बाकीचं माणसानंच रोवल्यात. बग तू."

पाहणी व्हायला उन्हाळा उजाडला. तोवर मिस्त्रींनी माधवनगरला लेकीकडं अंथरूण धरलं होतं.

आता ते नाहीत. त्यांच्या रिकाम्या ओट्यावर टेकताना माझाच हात नकळत खाली जातो. पण जायच्या आठवडाभर आधी बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. लेकीनं फोन कानाला लावला आणि मी माळावरूनच ओरडलो, "मिस्त्री, सहाच्या सहा दगडांखाली नदीचं गोटं निघालं! हितं माळावर असला एक गोटा घावत न्हाई. माणसांनीच वर आणल्यात म्हणत्यात सायेब. क्रशर येत न्हाई आता!"

पलीकडून मिस्त्रींचा बारीक आवाज आला.

"आन माज्या दगडाखाली?"

"तुमची काळी चीप. हाय तिथंच हाय."

"हलती का?"

मी वाकून दोन्ही हातांनी दगड रेटला.

"न्हाई, मिस्त्री. जराबी न्हाई."