खो दिल्यावर बसायचं

पुण्यात कॉलेजच्या संघातून मी खो-खो खेळायचे. पाठलागाचा धडा एकच: मागून जायचं, बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं, ती उठली की झटकन तिच्या जागी बसायचं. बसायला जरा उशीर झाला की आमच्या बाई मैदानाबाहेरून अशा कडाडायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरीने कुणाचा खूनच केलाय.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा संशोधनासाठी मी जर्मनीत गेले, फ्रँकफर्टपासून तासाभरावरच्या एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत. तिथे मुली मुळातच बोटांवर मोजण्याइतक्या. वोनहाइममधली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली, माझी खोलीची सोबतीण इंजिनिअरिंगची, आणि धावण्याचं तिला वेडच. क्रीडा कचेरीतल्या गृहस्थांशी वर्षभर हुज्जत घालून तिने वार्षिक सामन्यांत मुलींची रिले शर्यत पदरात पाडून घेतली होती. पण त्यांनी अट घातली. निदान तीन संघांनी शर्यत नियमात पुरी केली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलींची रिले बंद. दोन संघ कसेबसे उभे राहिले. तिसरा आमचा, आणि त्यात चौथी मुलगी मिळेना.

एकदा ट्राम पकडायला मी साडीचा काठ वर धरून पळाले, ते नेमकं सोबतिणीने पाहिलं. झालं! त्यानंतर माझी काही सुटका नव्हती. मी खूप नाही-नाही म्हटलं. अर्धी चड्डी घालून चारचौघांत धावायचं म्हणजे काय! शेवटी सलवारीला घोट्याशी नाड्या बांधल्या आणि उभी राहिले.

सरावात माझं एकच अडायचं. मागची मुलगी जवळ आली की आधीच पळत सुटायचं आणि पळता पळता हात मागे करून बॅटन घ्यायची, हे मला मरेस्तोवर जमेना. पाठीला हात लागल्याशिवाय माझा पाय उचलेचना. मग हिने मला पहिल्या टप्प्यावर टाकलं. बंदूक वाजली की पळ, पुढचीच्या हातात बॅटन दे, संपलं तुझं काम, म्हणाली. मला हायसं वाटलं.

सामन्याच्या दिवशी मी जीव तोडून धावले. वळणावर दुसरीच्या हातात बॅटन ठेवली, जोरात ‘खो’ म्हणाले आणि तिथेच, फक्कीच्या दोन रेषांच्या मध्ये, खाली बसले. उकिडवी, बोटं जमिनीला टेकवून, जशी बसायचे तशी! लोक हसायला लागले तेव्हा कुठे मला उमगलं.

आम्ही शेवटच्या आलो, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण क्रीडा कचेरीतले गृहस्थ तरातरा पंचांकडे गेले आणि म्हणाले की ही मुलगी शर्यत सोडून बसली, संघ बाद करा. संघ बाद म्हणजे शर्यतच गेली. सोबतीण पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

पंच म्हातारे, एका पायाने लंगडणारे. माझ्याजवळ आले.

“फ्रॉयलाइन, तुम्ही पडलात का?”

“नाही. बसले.”

“का?”

“आमच्याकडे आपलं काम दुसरीला दिलं की तिथेच बसतात.”

त्यांनी वाकून फक्कीची रेष निरखली, डावीकडची, मग उजवीकडची. शेजारच्या दोन्ही संघांना विचारलं, कुणाला अडथळा झाला का? नाही म्हणाल्या बिचाऱ्या. मग ते त्या गृहस्थांकडे वळले.

“बॅटन दिल्यावर आपली पट्टी सोडायची नाही, असा नियम आहे. हिने सोडलेली नाही. बसायला मनाई कुठे आहे?”

गृहस्थ काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. सोबतीण आली, माझ्याशेजारी मातीत बसली आणि भोकाड पसरून रडली. मीही रडले.

पुढच्या वर्षी माझा प्रबंध चालू होता, त्यामुळे मी प्रेक्षकांत बसले. मुलींचे पाच संघ आले होते. आमच्या संघात पहिल्या टप्प्याला नवीन मुलगी होती, सोनेरी वेण्यांची, सोबतिणीने तयार केलेली. वळणावर तिने बॅटन दिली, आणि खाली बसली.

उकिडवी. बोटं जमिनीला टेकवून.