इल्ले की इल्ला

रविवार, जानेवारीतला दुसरा. निघायची वेळ सकाळी साडेनऊ. प्रत्यक्षात निघालो दहा पन्नासला. हजर: फोरमनमामा आणि त्यांची दोन सायलेन्सरची जुनी मोटरसायकल, मी, माझा थोरला भाऊ अण्णा, आणि नोकरीसाठी पुण्याहून आलेला, आमच्या कुवेंपुनगरच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारा निखिल. चार माणसं, चार गाड्या. जायचं होतं कृष्णराजनगरला, नदीकाठच्या एका खानावळीत जेवायला. तिथे दोननंतर पान मांडत नाहीत.

माझ्या वहीत हे सगळं लिहिलेलं आहे. त्याखाली आठ कामांची यादी आहे आणि आठही कामांपुढे बरोबरची खूण आहे. त्यातली एक खूण खोटी आहे. ती कुठली, ते पुढे येईलच; आधी मामांबद्दल.

फोरमनमामा कधीच फोरमन नव्हते. ही गाडी आमच्या म्हैसुरातच बनायची. तो कारखाना बंद पडेपर्यंत मामा तिथे इंजिनं जोडायचे. पण अग्रहारातल्या आमच्या जुन्या गल्लीत कुणाचा मिक्सर अडला, कुणाची शिलाई मशीन रुसली, की मामा हात मागे बांधून उभे राहायचे आणि इतरांना कामाला लावायचे. त्यावरून हे नाव पडलं. मला गाडी त्यांनीच शिकवली. मी सोळा वर्षांची होते, सलवार-कमीज घालून मैदानावर गाडी चालवत होते आणि गल्लीतल्या बायका माझ्या आईला विचारत होत्या की ही पोरगी नक्की कोण होणार आहे. या गाडीला किक आणि गिअर एकाच दांड्यात असतात. मामा म्हणाले, "एकाच दांड्यानं सुरू होते, त्याच दांड्यानं पुढे जाते. सुम्ने घाबरतेस कशाला?" सुम्ने म्हणजे उगाच. त्यांच्या बोलण्यात चार शब्द मराठी असले की पाचवा कन्नड असायचाच.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द "इल्ले". इल्ले म्हणजे इथेच. मामा, पाना कुठाय? इल्ले. मामा, कुठवर आलात? इल्ले. बेंगळुरूला असले तरी इल्ले. मी शिस्तीची बाई, मला किलोमीटर लागतात, मिनिटं लागतात. त्यातून मामांच्या गालात कायम सुपारीचं खांड. त्यामुळे त्यांचा कुठलाही शब्द आधी सुपारीवरून घसरायचा, मग आपल्यापर्यंत पोचायचा. "आधी ती सुपारी थुंका, मग बोला," हे मी त्यांना हजार वेळा सांगितलं असेल. "आयतु," म्हणायचे, म्हणजे ठीक आहे, झालं. होत मात्र काही नसे.

हे जेवण काही नुसतं जेवण नव्हतं. मामी गेल्यापासून मामा अग्रहारात एकटे राहत होते. हुबळीला दिलेली त्यांची मुलगी वासंती दर आठवड्याला फोनवर सांगायची की, बाबा, तिकडचं सगळं आवरा आणि माझ्याकडे या. त्यांच्या गाडीचा तिला धसका होता. शेवटी तिने अट घातली: गाडीने आणखी एकदा दगा दिला, की गाडी विकायची आणि हुबळीला यायचं. म्हणून हा बेत मी आखला. चाळीस किलोमीटर जायचं, जेवायचं, परत यायचं आणि खानावळीच्या दारात गाडीसकट मामांचा फोटो काढून वासंतीला पाठवायचा. मग वर्षभर तरी कुणी काही बोललं नसतं.

पहिला घोळ मामांनीच केला. सगळे हेल्मेट घालून दारात उभे, आणि हे सुपारीची डबी शोधायला आत गेले ते तासाभराने बाहेर आले. दुसरा घोळ निखिलचा. इलवाल मागे पडल्यावर तो फोनवरचा नकाशा बघत भलत्याच रस्त्याला लागला आणि एका ऊसमळ्यात जाऊन पोचला. त्याला हुडकून आणण्यात पाऊण तास गेला. तिसरा घोळ अण्णाचा. त्याचं मागचं चाक बसलं. आठवडाभर आधी मी सगळ्यांना लेखी कळवलं होतं की हवा तपासून या. अण्णा म्हणाला, "तपासली ना. अंगठ्यानं दाबून बघितली." हा माणूस तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होता.

ते चाक मामांनी रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त केलं. गुडघे दुखत असतानाही. ट्यूबवर ठिगळ लावता लावता ते अण्णाला म्हणाले, "मास्तर, तुमचा अंगठा निवृत्त झाला, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का. निखिल हसला, अण्णाही हसला. मी घड्याळ बघत होते.

मग पेट्रोल पंप. इथे जरा सावकाश सांगते, कारण सगळं इथेच घडलं. मामांच्या गाडीला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. ते नसेल तर इंजिन कोरडं चालतं, तापतं आणि जाम होतं. ऑइलची बाटली मामा गाडीच्या बाजूच्या डब्यात ठेवायचे. माझ्या यादीत सहावं काम पेट्रोल, सातवं ऑइल. टाकीत पेट्रोल पडलं. मामा ठिगळाचे काळे हात धुवायला नळाकडे निघाले होते. मी वही उघडी धरून मागून विचारलं, "मामा, ऑइल?"

मामा मागे न बघता म्हणाले, "इल्ले."

म्हणजे आहे, इथेच, डब्यात आहे; हात धुऊन आले की ओततील. मी सातव्यापुढे खूण केली. मामा परत आले, माझ्या खांद्यावरून त्यांनी वहीत डोकावलं, खूण बघितली आणि किक मारली.

बिळीकेरे ओलांडून सातआठ किलोमीटर गेलो असू. माझ्या पुढेच त्यांच्या गाडीचं मागचं चाक एकदम थांबलं आणि रस्त्यावर लांब काळा ओरखडा उठला. दुसरा कुणी असता तर पडला असता. मामांनी त्याच क्षणी क्लच दाबला आणि गाडी अलगद कडेला घेतली. स्टँड लावला. टाकीचं झाकण उघडलं, एक काडी आत बुडवली, दोन बोटांत चोळली.

"सुलू, ऑइल घातलंस ना ग?"

"मी कशाला घालू? तुम्हीच म्हणालात, इल्ले."

"मी म्हणालो, इल्ला."

इल्ला म्हणजे नाही. बाटली घरीच राहिली होती. मामा समजले की सुलू पंपाच्या काउंटरपाशीच उभी आहे, नवी बाटली घेईल आणि ओतेल. मी समजले की बाटली डब्यात आहे. मग त्यांनी माझी खूण बघितली. सुलूने खूण केली म्हणजे काम झालंच असणार. आयुष्यभर मीच त्यांना हे शिकवत आले होते.

निखिलने विचारलं, "पण मामा, या दोन्हींत फरक काय?"

मामांनी सुपारी दुसऱ्या गालात सारली. "काय नाही रे. एका इंजिनाचा."

मला जे बोलायचं होतं ते सगळं मी तिथे बोलले. सुपारीबद्दल बोलले, उशिराबद्दल बोलले, अंगठ्याबद्दल आणि ऊसमळ्याबद्दलही बोलले. तेवढ्यात वासंतीचा फोन आला. फोटोची वाट बघत होती. मामांनी फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघत बघत म्हणाले, "गाडी बसली ग. ऑइल घालायला विसरलो मी. लक्षात राहत नाही आताशा."

तो फोन मी त्यांच्या हातातून काढून घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. गाडी वाहून न्यायला एका सामानाच्या रिक्षावाल्याशी बोलायला गेले, कारण ते काम यादीत नव्हतं आणि कुणीतरी करायला हवंच होतं.

खानावळीत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मालकीणबाईंनी हात हलवला, सगळं संपलं म्हणून. मामा पायरीवर टेकले आणि कन्नडमध्ये त्यांना म्हणाले, ताई, चार माणसं मिळून एक मेलेलं इंजिन घेऊन आलोय, सुतकाचं जेवण तरी वाढा. बाई हसल्या. ताक-भात आणि लिंबाचं लोणचं मिळालं. मामा दोनदा भात मागून जेवले. मी पानातला भात नुसता चिवडत होते. ते म्हणाले, "स्वल्प खा ग. जेवायला निघालो होतो, जेवलो. आयतु."

आयतु कसलं? पंधरा दिवसांत वासंती आली. वडिलांना विसरायला होतंय, एकटं ठेवणं बरं नाही, असं तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. गल्लीनेही माना डोलावल्या. या माणसाला कारखान्यातल्या नटांच्या मापांचे आकडे तोंडपाठ, आणि हा विसरतो म्हणे. मी वासंतीला माझी वही दाखवली. म्हटलं, ही खूण माझी आहे, चूक माझी आहे. ती माझा हात धरून म्हणाली, "सुलूअक्का, तुम्ही त्यांना पाठीशी घालणारच." आयुष्यात पहिल्यांदा मी लेखी पुरावा दिला आणि तो कुणी मानला नाही.

राग मला सगळ्यांचाच आला, पण जास्त मामांचा. कुणी सांगितलं होतं माझी चूक अंगावर घ्यायला? निघायच्या दिवशी मी हे त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "माझं काय, मी म्हातारा. म्हातारा विसरला तर कुणाला नवल नाही. तुझी वही खोटी ठरली तर तू दुसऱ्या दिवशी उठशील कशी?"

हुबळीहून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न एकच. "सुलू, गाडी?" मी म्हणायचे, "इल्ले, मामा. होतेच आहे." ते हसायचे, कारण हा शब्द कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं. पावसाळा सरता सरता फोन थांबले. नंतर वासंतीनेच कळवलं. झोपेत गेले, तिने सांगितलं.

गाडी माझ्या अंगणात, पत्र्याखाली उभी आहे. सिलिंडर उतरवून मी लेथवाल्याकडे नेलं होतं. तो म्हणाला, आधी मोठ्या मापाचा पिस्टन आणा, मग त्या मापाने सिलिंडर आतून कोरून देतो. पिस्टनसाठी तीन गावांतल्या माणसांना सांगून ठेवलं आहे. सिलिंडर जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं आहे. शेजारी ऑइलची नवी बाटली आहे, सील न फोडलेली.

उद्याच्या यादीतलं पहिलं काम: मामांची गाडी, पिस्टन. हेच काम आजच्या यादीतही होतं. पुढची जागा मोकळी आहे.