निळं मलम आणि बनुकाकीचा विळा

बनुकाकीचं माहेर म्हसवडचं. तिकडं कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला तर माणूस आधी आत डोकावतो आणि मग पितो, असं आमच्याकडं म्हणायचे. आमचं गाव तासगावापासून दोन कोसांवर. लग्न होऊन काकी इथं आली ती हीच खोड घेऊन. भाजीवाल्याचा तराजू ती आधी मोकळा उचलून बघायची. दुकानातल्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन हुंगायची. सिद्धनाथाच्या प्रसादाचा पेढासुद्धा फोडून आत बघायची, मग देवाचं नाव घेऊन तोंडात टाकायची.

बागेत तर विचारूच नका. द्राक्षाला बोर्डोचं औषध मारायचं तर एका बादलीत मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, दुसरीत चुना, आणि दोन्ही एकत्र ओतायचं. चुना कमी पडला तर ते निळं पाणी पानं जाळतं. म्हणून घासलेला विळा त्यात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस चढलं की अजून चुना घालायचा. सगळे बागवाले हे एकदा करतात. काकी तीनदा करायची. एका साली गावभर खोटा मोरचूद आला, निम्म्या गावाच्या बागा करप्याच्या रोगाच्या तोंडी गेल्या, पण काकीची बाग हिरवीगार राहिली. चुना घालायच्या आधीच विळ्यावर तांबूस चढलं नाही, तेव्हा तिनं ते पोतं दुकानदाराच्या पायऱ्यांवर नेऊन उलटं केलं होतं. तेव्हापासून लोक म्हणायचे, माणूस खोटं बोलंल, बनुकाकीचा विळा बोलायचा न्हाई.

ही बाग तिनं एकटीनं उभी केली. नवरा, आकाराम, मिलिटरीत. चोवीस वर्षं नोकरी, आणि त्यातली बरीचशी स्टोअरमध्ये, पत्र्याच्या सावलीत. काकीची चोवीस वर्षं द्राक्षाच्या मांडवाखाली आणि मांडवाबाहेर, पाठीला पंप आणि डोक्यावर ऊन. सत्त्याण्णव साली हवालदार होऊन आकाराम पेन्शनवर आला. वय सेहेचाळीस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, मिशीला कलप, चेहरा गुळगुळीत. काकी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. पण तिच्या तोंडाची कातडी मेमधल्या रानागत भेगाळलेली.

पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो. दोघं सांगलीला एका स्टुडिओत गेली. फोटोवाला शहरातला, तोंडानं गोड. त्यानं खुर्ची पुसली आणि म्हणाला, "मातोश्रींना इथं बसवा. तुम्ही मागे उभे राहा. आणि मिसेस यायच्या आहेत का अजून?"

काकी त्या खुर्चीवर बसली. आकाराम हसला. मोठ्यानं नाही, नाकातनं फुस्कन हवा जावी तेवढंच. मग म्हणाला, "ह्याच मिसेस." फोटोवाल्यानं चार वेळा सॉरी म्हटलं, आणि फोटो निघाला.

ते हसणं काकीच्या मनातनं गेलं नाही. फोटोवाला काय, परका माणूस, जे दिसलं ते बोलला. पण हा का हसला? ह्याला आपली लाज वाटते का? हा एकच सवाल घेऊन ती दीड वर्ष फिरली. विचारलं मात्र नाही. तपासायला लागली. तो बाजारात तिच्या पुढं किती पावलं चालतो ते मोजायची. सात. पूर्वी किती चालायचा, ते आठवायचं तर तो पूर्वी गावात होताच कुठं. एकदा शेजारच्या लग्नाला निघताना तो म्हणाला, "तू दमलीस, ऱ्हा घरी, मी जाऊन येतो." काकी न सांगता मागनं गेली आणि मांडवात त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं नुसता पाण्याचा पेला पुढं केला. तोही तिनं आधी बघून घेतला.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला त्यांची मुलगी संयोगिता पुण्याहून आली. साताऱ्याला औषधांचं शिक्षण घेऊन ती पुण्यात एका लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. तिनं पिशवीतनं काचेची एक लहान डबी काढून आईपुढं ठेवली.

"काय गं हे?"

"मलम हाय. तोंडाला लावायचं. सुरकुत्या कमी हुत्यात."

काकीनं झाकण फिरवलं. मलम निळसर होतं. काकीनं मुलीकडं बघितलं, मग मलमाकडं.

"ह्यात मोरचूद हाय."

"न्हाई आई."

"अगं, हा रंग मी चोवीस वर्सं ढवळतीया. मला शिकवतीस व्हय?"

"तांबं हाय थोडं. पण मोरचूद न्हाई."

काकी उठली, खुंटीचा विळा काढला, राखेनं घासला, आणि पात्यावर बोटभर मलम थापून उन्हात ओट्यावर ठेवला. भाकरी थापून झाल्या, जेवणं झाली, भांडी झाली. मग पुसून बघितलं. पातं लखलखीत. तांबूस काही नाही.

कुणालाही बरं वाटलं असतं. काकीचा संशय वाढला.

"तांबं हाय म्हंतीस, मग लोखंडावर का चढलं न्हाई?"

संयोगितानं दोन्ही हातांची मूठ आवळून दाखवली. "ह्यातलं तांबं असं धरून ठेवल्यालं हाय. ज्यानं धरलंय त्येला पेप्टाइड म्हंत्यात. ते तांबं विळ्याच्या हाती लागू देत न्हाई."

"ते काय असतंय?"

"प्रोटीनचा बारका तुकडा. हे बघ, कातडीच्या खाली जाळी असती. आपल्या मांडवाच्या तारा असत्यात का न्हाई, तशी. त्या जाळीवर कातडी ताणून बसल्याली असती. वय झालं, ऊन लागलं की तारा ढिल्या पडत्यात, तुटत्यात. नवीन तारा ओढायचं काम कातडीच करती, पण वयापरमानं ती आळसावती."

"मग?"

"तार तुटली की तिचा तुकडा खाली पडतोय. तो बघून कातडीला कळतंय, मोडतोड झाली, मग ती नवी तार ओढाया लागती. पेप्टाइड म्हंजे तसलाच तुकडा. आपण बाहेरनं नेऊन टाकायचा. कातडीला वाटतंय मोडलं, ती कामाला लागती."

काकीनं डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हंजे कातडीला फसवायचं."

"तसंच म्हण."

"मोडलं नसताना तुकडा दावायचा आन् काम करून घ्यायचं. असला एक मुकादम हुता आपल्याकडं. हाकलला मी त्येला."

"आई, लय काय हुईत न्हाई ह्यानं. मी खोटं सांगत न्हाई. तीन महिनं रोज लावलं तर बारीक रेघा जरा भरत्यात, कातडी जरा घट्ट हुती. खोल भेगा तशाच ऱ्हात्यात. आन् लावायचं सोडलं की केलेलं काम हळूहळू जातंय."

विकणारा कधी असं बोलत नाही, हे काकीच्या ध्यानात आलं. त्यामुळं तिला वेगळाच वास लागला.

"तुला आणाया कुणी सांगितलं?"

संयोगिता पदराशी चाळा करत राहिली.

"कुणी?"

"आबांनी. पत्र आलं हुतं. लिवलं हुतं, तुझी आई आता कुंकू आरशात बघून लावत न्हाई."

ते खरं होतं. सांगलीहून आल्यापासून काकी कुंकू अंदाजानं टेकवायची. आरसा तिनं खिळ्यावरच उलटा करून ठेवला होता.

"म्हंजे पाळत ठेवत्यात," काकी म्हणाली. आणि आतल्या आत तिचा सवाल अजून घट्ट झाला. मलम मागवलं म्हणजे लाज वाटतेच. उगीच का कुणी मागवंल?

संध्याकाळी आकाराम घरी आला तर काकी डबी घेऊन दारातच.

"तुमी मागवलं, आधी तुमी लावा."

"मला काय करायचंय?"

"नवं औषध आलं की आमी सगळ्या बागंला मारत न्हाई. एका वळीला मारतो, शेजारची वळ कोरी ठेवतो, मग बघतो. तुमच्या डाव्या डोळ्याला रेघा हायत."

होत्या. बंदूक धरून डावा डोळा मिटायची सवय, त्यामुळं त्या बाजूला कोंबडीच्या पायागत चार रेघा उमटलेल्या. उजवीकडं कमी.

"मग उजवी बाजू कोरी ठिऊ?"

"कोरी न्हाई. नुसत्या तेलानंबी कातडी मऊ पडती. उजवीकडं खोबरेल लावायचं, डावीकडं हे. मग कळंल, गुण तुकड्याचा हाय का ओशटाचा."

संयोगिता बापाकडं बघून म्हणाली, "आबा, आमच्या लॅबमधी साहेबांनी असंच करायला लावलं हुतं." आकाराम मिलिटरीचा माणूस. हुकूम सुटला की झालं. दुसऱ्या दिवसापासून दिवा लागला की तोंड धुऊन तो ओट्यावर बसायचा. डावीकडं मलम, उजवीकडं खोबरेल. ऑक्टोबर छाटणी झाली, घड लागले, औषधात घड बुडवायचं काम निघालं, मण्यांनी आकार धरला. दर सोमवारी काकी त्याला उंबऱ्यात उजेडाकडं तोंड करून बसवायची आणि मण्यावर डाग आहे का बघावं तशी वीतभर अंतरावरनं बघायची.

"हसू नका. हसलं की रेघा पडत्यात."

"तू एवढी जवळ आल्यावर हसू येतंय."

"आधी कवा आलं न्हाई ते."

"आधी मी कुठं हुतो."

हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड उजेडाला फिरवलं. एकदा असंच बघता बघता तिनं विचारून टाकलं, "सांगलीत तुमी का हसला हुता?"

"कवा?"

"फोटोच्या वक्ताला."

आकारामनं डोळे मिटले. "आठवत न्हाई."

खोटं बोलतोय, हे काकीला कळलं. पण ह्या खोट्याला लावायला विळा नव्हता.

जानेवारीच्या शेवटी तीन महिने भरले. काकीच्या डोळ्यांना फरक दिसत होता, म्हणून तिनं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. हरिबा न्हाव्याला बोलावलं. हरिबा आठवड्यातनं दोनदा आकारामची दाढी करायचा. ह्या चेहऱ्याची ओळख त्याच्या बोटांना होती. मलमाची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती.

"हरिबा, दाढी झाल्यावर ह्येंच्या डोळ्याभोवती दोन्हीकडं बोट फिरव. कुठली बाजू बरी लागती?"

"कशापायी वैनी?"

"तू फिरव."

हरिबानं बोट फिरवलं. परत फिरवलं. "डावी जरा दाबून भरल्यागत लागतीया. उजवी मऊ हाय, पर ढिली हाय. आदी उलटं हुतं. डावीकडं वस्तरा जपून घ्याया लागायचा."

काकीनं आकारामकडं बघितलं. "मिलिटरी कॅन्टीनची बाटली ह्येला कवा पाजली?"

"आवं वैनी, शपथ," हरिबा म्हणाला, "एक थेंब न्हाई. मागून दमलो म्या."

म्हणजे मलमात काहीतरी होतं. लय नव्हतं, पण होतं. आणि त्याचं फळ असं, की आधीच गुळगुळीत असलेला आकाराम अजून चार बोटं तरुण दिसायला लागला. हे ध्यानात आल्यावर काकी ओट्यावर बसून राहिली. संयोगितानं तोवर दुसरी डबी पाठवली होती, ह्या वेळी चिठ्ठीत नाव आईचं. आकारामनं ती डबी काकीपुढं सरकवली.

"आता तरी लाव. तुझा तपास झाला न्हवं?"

"आन् किती वर्सं लावू? खोल भेगा भरत न्हाईत, पोरगी सवता म्हनली. माजी एकबी रेघ बारीक न्हाई." काकी उठली. "मी तुमच्यागत दिसायची त्यापरास तुमीच माझ्यागत व्हा. बाग हाय, ऊन हाय. त्येला मलम लागत न्हाई."

ती टोमणा मारून गेली. डबी तिनं बागेतल्या खोलीत, वरच्या फळीवर, विषारी औषधांच्या रांगेत ठेवून दिली.

आकारामनं तो टोमणा कसा घेतला कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याची टोपी खुंटीलाच राहिली, आणि संध्याकाळचं मलम, खोबरेलही सुटलं. द्राक्षं उतरवायचे दिवस होते. हा दुपारी बाराला मांडवाबाहेर पेट्या उचलायला उभा. एप्रिलची छाटणी त्यानं गड्यांबरोबर केली. भर उन्हात पंप पाठीला लावून वळी मारल्या. कलपाची बाटली वाळून गेली, मिशी पांढरी झाली, नाकाची साल निघाली. हरिबा म्हणाला, "हवालदार, वस्तरा आता दोन्हीकडं अडतोय." काकी लांबनं बघायची. हा नक्की कशापायी करतोय, हे तिला कळेना. टोपी हरवली असेल म्हणून तिनं खुंटी जाऊन बघितली. टोपी तिथंच होती.

नव्व्याण्णवच्या शेवटी पेन्शन दुसऱ्या बँकेत न्यायची ठरली. परत एकत्र फोटो. परत सांगली, आणि तोच स्टुडिओ. माणूसही तोच, पण त्यानं ओळखलं नाही. त्यानं दोन खुर्च्या पुसल्या.

"आजी, तुम्ही इकडं. आजोबा, जरा आजींच्या जवळ सरका."

आकाराम अठ्ठेचाळीसचा. तो फोटोवाल्याकडं बघतच राहिला. आणि काकी हसली. नाकातनं फुस्कन हवा जावी तेवढंच.

एसटीत खिडकीशी बसल्यावर आकारामनं विचारलं, "का हसलीस?"

काकीनं आठवून बघितलं. ती हसली तेव्हा तिच्या मनात काहीच नव्हतं. लाज नव्हती, राग नव्हता. नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू सुटलं.

"आपोआप आलं," ती म्हणाली.

"मलाबी तवा आपोआपच आलं हुतं. ते तुला सांगून पटलं असतं का?"

"न्हाई."

"म्हनून सांगितलं न्हाई."

काकीनं त्याच्याकडं तिरकं बघितलं. हेही तपासायला पाहिजे होतं, पण आता कशानं तपासणार. चार दिवसांनी फोटो आला. काकीनं खिळ्यावरचा आरसा सरळ केला, त्याच्यापुढं उजेडात उभी राहिली आणि अंगठ्यानं फोटोतल्या आकारामच्या तोंडाची आधी उजवी बाजू झाकली, मग डावी. दोन्हीकडं रेघा सारख्याच.

"लावायचं सोडलं की जातंय म्हनली हुती," ती म्हणाली. "पोरगी तेवढं खरं बोलली."

मग तिनं आरशात बघून कुंकू लावलं आणि पंप पाठीला अडकवून बागेत गेली. आकाराम विळा घासून बादलीशी आधीच जाऊन बसला होता. त्याचा दोनदा बुडवून झाला होता. तिनं तो हातातनं काढून घेतला आणि तिसऱ्यांदा बुडवला.