वसंतभाऊंच्या पोर्चमधल्या तीन मोटरी

शेजारच्या झाडाचा पाला आपल्या अंगणात पडतो न, तसेच किस्से पडतात. आपण काही मागायला जात नाही. पाला मी रोज झाडून टाकते, किस्से मात्र ठेवून घेते. आमचे हे म्हणतात, "तू भिंतीला कान लावून बसतेस." साफ खोटं! आमची अन् वसंतभाऊंची भिंत कमरेइतकीच आहे. कान लावायचा तर वाकावं लागेल, अन् माझे गुडघे दुखतात. मी आपली सरळ उभी राहून पाहते.

वसंतभाऊ आमच्या रायपूरजवळच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं मशीन दुरुस्त करत होते. मिल बंद पडली. त्यांचा साळा दिलीपभैया, त्याचं भनपुरीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. तो आला अन् म्हणाला, "जीजाजी, माझ्याकडं येऊन बसा. खुर्ची आहे, कूलर आहे. दिवसभर मालाच्या पावत्या, बिल्ट्या लिहायच्या, दुसरं काय?"

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. साळ्याच्या हाताखाली, अन् तेही बसून! म्हणाले, "मी घरीच मशीन बनवून राहिलो. लाकडावर नक्षी कोरणारी. कॉम्प्युटर सांगेल, मशीन कोरेल. रायपूर राजधानी झालं, इतके बंगले उभे होऊन राहिले. सगळ्यांले देवघर लागते का नाही?"

दिलीपभैया हसला. "ठीक आहे. माझ्या ऑफिसच्या देवघराची लाकडी जाळी कोरून दाखवा. माझ्या डोळ्यांसमोर. विश्वकर्मा पूजेपर्यंत टाइम. नाही जमलं तर पूजेच्या दुसऱ्या दिवसापासून भनपुरी!"

मंगलनं, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, भावाची बाजू घेतली. हातात सहा महिने होते. बाकी सगळं त्या सहा महिन्यांतलं.

* * *

मशीनला तीन मोटरी. एक डावी-उजवीकडं नेणारी, एक मागं-पुढं, एक वर-खाली. भाऊंनी मला समजावून सांगितलं, "वहिनी, ही स्टेपर मोटर. पंख्यासारखी गरगर फिरत नाही. सांगितलं तितकीच पावलं टाकते अन् थांबते."

मी म्हटलं, "म्हणजे नव्या नवरीसारखी!"

पण पहिल्या दिवशी नवरी पाऊलच टाकेना. बटन दाबलं की घर्रर्र करून जागच्या जागी थरथर कापायची. बिसाहू तिथंच होता. बिसाहू आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, जुना सुतार. मशीनचा सांगाडा त्यानंच ठोकून दिला, पण मशीनला तो 'डब्बा'च म्हणायचा. एप्रिलचं ऊन, आम्ही सगळे घामानं भिजलेले, अन् हा मोटरीवर हात ठेवून म्हणतो, "एला तो जाड़ धर ले हे, भैया!" थंडी वाजून आली म्हणे हिला!

झालं असं होतं की प्रत्येक मोटरीला चार वायरी, त्यातल्या कोणत्या दोन एका जोडीच्या हे आधी शोधावं लागतं. भाऊंनी रंग पाहून अंदाजानं लावल्या होत्या. मग सगळं सोडवून परत सुरुवात. भाऊ दोन वायरींची टोकं जुळवणार अन् मी मोटरीची दांडी बोटानं फिरवून पाहणार. सहज फिरली तर जोडी चुकली. जड झाली तर बरोबर.

"आता?"

"सहज फिरून राहिली."

"आता?"

"सहज."

"आता पाहा."

"अडली, भाऊ! अडली!"

आतून पोळ्या लाटता लाटता मंगलचा आवाज आला, "जोडी जुळली की फिरणं बंद होते, हे मले लग्नापासून माहीत आहे!"

* * *

मे महिना लागला. मोटरी चालायला लागल्या, पण तापायच्या फार. नुसत्या उभ्या असल्या तरी गरम! आमच्या ह्यांनी हात लावला अन् झटकन मागं घेतला. म्हणाले, "वसंतराव, क्रोसिन द्या हिले."

भाऊ म्हणाले, "चालते. जागा धरून ठेवायलेही ताकद लागते न."

म्हणाले खरं, पण दुसऱ्या दिवशी पाहते तर हॉलमधला कूलर पोर्चमध्ये! मंगल अशी भडकली! "मले पंखा अन् मोटरले कूलर?"

भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, तिची वॉरंटी नाही."

मंगल आत गेली. आतून खुर्ची आणली, मोटरींच्या अन् कूलरच्या मध्ये टाकली अन् मेथी निवडत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुरा मे महिना तीन मोटरी अन् मंगल, चौघी कूलरसमोर. पाचवी मी. आमच्या घरचा कूलर मे महिन्यात लावलाच नाही, ह्यांनी एकट्यासाठी लावू नका म्हणून सांगितलं!

* * *

आता एक माझं चुकलं, ते सांगून टाकते.

मशीनचा पाट म्हणजे इतका गुळगुळीत, सपाट, अन् सकाळी अकरापर्यंत त्यावर छान ऊन. असा पाट रिकामा पाहून कोणत्या बाईचा जीव राहील? मी त्यावर प्लास्टिक अंथरून बिजौरी घातली. उडीद-तिळाची वडी, आमच्याकडं तळून खातात. भाऊ बाहेर गेले होते. ते आले केव्हा, कॉम्प्युटरवर बसले केव्हा, मला कळलं नाही.

भाऊंनी मशीनला सांगितलं, दहा सेंटिमीटर पुढं जा. मशीन निघाली. दहा झाले. पंधरा झाले. वीसवर जाऊन थांबली! मधल्या सगळ्या बिजौऱ्या कोरायच्या टोकानं लोटत, ओल्या उडदात सरळ रस्ता काढत!

"माझी बिजौरी!" मी भिंतीवरून ओरडले.

भाऊ टेप घेऊन धावले. बिजौरीसाठी नाही, रस्ता मोजायला! "बरोबर दुप्पट, वहिनी! म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्यातलं बारीक बटन एक घर चुकलं! पेन्सिलनं इतकी साफ रेघ आली नसती!"

बटन बदललं. मी उरलेली बिजौरी गोळा करायला गेले तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, थांबा. आणखी एक घाणा घाला न. परत तपासायचं आहे."

घातला. काय करणार! दुसऱ्यांदा दहा सेंटिमीटरवर बरोबर थांबली. त्या घाण्याची बिजौरी मात्र आम्ही चुरा करून वरणात टाकली.

* * *

या मोटरी गातात, हे तुम्हाला माहीत आहे का? हळू चालवली की खालचा सूर, जोरात चालवली की वरचा. भाऊ दिवसभर वेग कमीजास्त करून पाहायचे. समोरच्या आजींना डोळ्यांनी कमी दिसतं, कान पक्के. एक दिवस मला थांबवून विचारतात, "काहून वं, वसंता पेटी शिकून राहिला का?"

मी म्हटलं, "हो, असंच काही."

"सूर चांगला लागते पोट्ट्याचा," आजी म्हणाल्या. पोट्टा बावन्न वर्षांचा! "पण सांग त्याले, दोन महिने झाले, आता एखादं गाणं घे म्हणा!"

* * *

जुलैत एका फळीवर फूल काढणं चाललं होतं. चार पाकळ्या झाल्या अन् लाइट गेली. लाइट आली तेव्हा भाऊंनी पुन्हा बटन दाबलं. मशीन जिथं उभी होती तिथूनच तिनं तेच फूल पहिल्यापासून सुरू केलं. फुलावर फूल!

भाऊ डोक्याला हात लावून बसले. "हिले आठवणच राहत नाही आपण कुठं होतो. जिथं उभी असेल तेच घर समजते."

"मग तुमचीच पोर आहे," मंगल म्हणाली. "तुम्हाले गोल बाजारात चाळणी आणायले पाठवलं तर तुम्ही चार बेअरिंग घेऊन येता!"

बिसाहूनं आपली करवत उचलून दाखवली, हिला लाइट लागत नाही म्हणे. "मोर आरी ला लाइट नइ लागय."

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्याच सकाळी दिलीपभैयाचा फोन येऊन गेला होता, "जीजाजी, तुमची खुर्ची आली. फिरणारी आहे, खाली चाकं आहेत!" मंगलनं दोनदा जेवायला बोलावलं, भाऊ उठले नाहीत. पाटावर लाकडाचा भुसा होता, त्यात बोटानं रेघा ओढत बसले. मग तिसऱ्यांदा मंगलनं बोलावलं नाही, ताटच पोर्चमध्ये आणून ठेवलं.

* * *

तर सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली.

त्या दिवशी कोणीच मशीन चालवत नाही. उरल्याला मोठमोठे कारखाने थांबतात, तर भाऊंचा पोर्च काय! आदल्या दिवशीच भाऊंनी जाळीची फळी पक्की आवळली, मशीन बरोबर मधोमध आणून उभी केली अन् बंद केली. आता परवा सकाळी दिलीपभैयासमोर फक्त बटन दाबायचं.

पूजेला झेंडूचा हार मी नेला. मशीनला हळदकुंकू झालं, नारळ झाला. हार घालायला गेले तर डावी-उजवीकडं नेणाऱ्या मोटरीची वायर मध्ये येत होती. तिला एक छोटा पांढरा प्लग होता. मी तो काढला, हार घातला, प्लग परत लावला. तो काय, सुलटाही बसतो अन् उलटाही. बसला तसा बसवला! त्यानं काय होतं, मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी दिलीपभैया जीप घेऊन हजर. आल्या आल्या म्हणाला, "ताई, जीजाजींचा डबा भरून ठेव. सोबतच घेऊन जातो."

भाऊंनी बटन दाबलं. मशीन निघाली. फळीच्या चारी बाजूंनी फुलं, सगळी आरपार, एकसारखी, डावीकडून पाहा की उजवीकडून. दिलीपभैयाचा हलता पाय थांबला. बिसाहूनं विडी विझवली. मीही भिंत सोडून पोर्चमध्ये आले.

शेवटी मध्यभागी स्वस्तिक. पहिला हात वळला तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसरा वळला तेव्हा मंगलचा हात तोंडावर गेला.

स्वस्तिक उलटं!

मशीन डाव्याचं उजवं अन् उजव्याचं डावं करून राहिली होती. फुलांत ते कळलंच नव्हतं. मला एकदम तो पांढरा प्लग आठवला. तोंड उघडलं अन् मिटलं. जन्मात पहिल्यांदा!

मशीन थांबली. भाऊ पांढरेफटक. दिलीपभैया उठून उभा राहिला. "जीजाजी, हे देवाच्या दारावर लावू? चला आता. ताई, डबा?"

मंगलच्या हातात डबा होता. तिनं तो पाठीमागं लपवला.

तेवढ्यात बिसाहू पुढं आला. त्यानं फळीचे स्क्रू काढले. भुसा फुंकला. खालच्या बाजूची कुसळं पॉलिशपेपरनं घासली, हळूहळू, जशी काही घाईच नाही. मग अख्खी जाळी पालथी केली अन् दिलीपभैयासमोर धरली.

"एती ले देख, भैया."

या बाजूनं पाहिलं तर स्वस्तिक सुलटं! आरपार कोरलेलं न ते!

दिलीपभैया कधी पुढून पाहे, कधी मागून. भाऊंनी घसा साफ केला. "मागूनच कोरावं लागते, दिलीप. समोरची बाजू देवाची. तिच्यावर आम्ही मशीन चालू देत नाही."

दिलीपभैयानं पायातली चप्पल काढली! जाळीला हात जोडले. "हे आधी सांगायचं न, जीजाजी! मी काही बोलून गेलो असतो म्हणजे?" जाळी कपाळाला लावून जीपमध्ये ठेवली. भनपुरीचं नाव काढलं नाही. डबा मात्र स्वतःसाठी घेऊन गेला.

सगळे त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले तेवढ्यात मी प्लग काढून फिरवून लावला, अन् हार उतरवून घरी आले. कोणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही.

चार दिवसांनी दिलीपभैयाचा एक दोस्त आला, भनपुरीचाच टायरवाला. तशीच जाळी पाहिजे, अन् समोर बसून पाहणार. भाऊंनी खुर्ची दिली, बटन दाबलं. फुलं झाली. मग स्वस्तिक झालं. सुलटं, साफ, पाहत राहावं असं.

टायरवाल्याचा चेहरा उतरला.

"ही तर समोरून कोरून राहिली! दिलीपभैयाले मागून अन् मले समोरून? काहून? माझ्या देवानं काय वाईट केलं?"

बिसाहू छताकडं पाहायला लागला. भाऊंनी मशीनकडं पाहिलं. मग मोटरीकडं. मग त्या पांढऱ्या प्लगकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. अन् मग मान वर करून भिंतीकडं, जिथं मी उभी होते.

"वहिनी," भाऊ म्हणाले, "जरा इकडं येता का? हिले एक हार घालून द्या!"